‘मिस’चा दुसरा अर्थ

प्रिय रचना,

पाकीट पाहून हसशील. पण इथं दरेकशाला डोंगराआड रेंज येते-जाते, आणि आली तरी फोनवर तू नुसतं ‘हं, बोल’ म्हटलंस की माझं बोलणं डोक्यातून उडून जातं. मंडपवाल्याचं काम सोडलं. आता एका ठेकेदाराकडे आहे, स्टेशनाची भिंत रंगवून राहिलो. इथं माणसांपेक्षा माकडं जास्त उतरतात. परवा एकानं रंगाच्या डब्यात हात घातला आणि दिवसभर पिवळा पंजा घेऊन फलाटावर असा फिरला, जसा साहेबच. त्याच्यामागे मीही फिरलो, म्हणून ठेकेदाराच्या शिव्या खाल्ल्या. असो.

तुझे रोशन सर कसे आहेत? विचारायचं नव्हतं, पण विचारून टाकलं. तू नर्सिंगला गोंदियाला गेलीस तेव्हा मला बरंच वाटलं होतं. हा संध्याकाळचा इंग्रजी बोलायचा क्लास मात्र कुठून निघाला कोण जाणे. तांदळाची चुंगडी घेऊन आलो होतो तेव्हा जिन्यात भेटले ते मला. इस्त्रीचा शर्ट, अंगाला अत्तर, आणि माझ्या खांद्यावर चुंगडी. मला म्हणाले, ‘‘आप रचना के भाई हो क्या?’’ तू हसलीस. नाही म्हणाली नाहीस. ती चुंगडी मी वर तुझ्या खोलीपर्यंत नेली, पण त्या दिवशी ती दुप्पट जड होती.

नंतर सर काही दिवस नागपूरला गेले, तेव्हा तू स्टेटसला त्यांचा फोटो टाकलास. खाली ‘मिस यू सर’. खरं सांगू? मी खूश झालो होतो. मला वाटलं, क्लास बुडाला बिचारीचा. कारण मला मिस म्हणजे एवढंच माहीत. एसटी मिस होते, गुलेलचा नेम मिस होतो, आणि शाळेत एक मिस होत्या, त्यांचा नेम कधी मिस झाला नाही, खडू बरोबर माझ्याच कपाळावर. आठवी सोडली त्यात त्या खडूचाही हात आहे. तर माझ्या हिशेबानं तुझे सर तुझ्या हातून सुटले होते, आणि सुटलेलं बरं.

आता मंडईचं. मागच्या भाऊबीजेनंतर आपल्या गावात भरली ती जत्रा. मी येतो म्हणालो होतो आणि आलोही होतो. पण आकाशपाळण्याचा एक बोल्ट ढिला झालेला दिसला, पाळणेवाला एकटा, मी पान्हा हातात घेतला, मग त्यानं चहा पाजला, मग मोटर कशी चालते ते दाखवलं, तोवर बायामाणसं घरी गेलेली. दुसऱ्या दिवशी तुझा आवाज आला मोबाइलवर, ‘‘मंडईत तुले लय मिस केलं रे.’’ मी लगेच उलट बोलून पाठवलं, ‘‘काऊन मिस केलं? मी तं पाळण्यापाशीच उभा होतो. दिसत नाही का तुले?’’ वरून हसण्याची तोंडंही टाकली. तू फक्त ‘बरं’ लिहिलंस. तेव्हापासून तुझे निरोप लहान-लहान होत गेले, आणि मी क्लासला दोष देत राहिलो.

इथं माझ्यासोबत गोवर्धन आहे, बालाघाटकडचा. त्याची बायको रोज फोनवर त्याला ‘मिस यू’ म्हणते. काल जेवताना मी सगळ्यांसमोर विचारलं, तुझी बायको तुले रोज काय फेकून मारते, आणि तिचा नेम एवढा खराब कसा. सगळे भात नाकात जाईपर्यंत हसले. मग गोवर्धनच म्हणाला, ‘‘अबे, मिस म्हणजे करमून नाही राहिलं बे.’’

माझा घास तसाच हातात राहिला. आधी मंडई आठवली. तुला करमत नव्हतं, आणि मी तुला डोळे आहेत का म्हणून विचारलं होतं. आणि मग, रचना, लगेच ते स्टेटस आठवलं. इस्त्रीच्या शर्टाचा फोटो, खाली तोच शब्द. जो मला दिला, तोच त्यांना. भिंतीला दुसरा हात मारून राहिलो तरी डोळ्यांपुढे तेच. एवढा जळलो की पिवळ्यात निळा ओतला, आता अर्ध्या भिंतीला हिरवा डाग आहे.

म्हणून लिहायला बसलो. इंग्रजीच्या सरांना तू इंग्रजीत म्हटलंस, ते मी गिळून टाकतो. अभ्यास समजतो. पण आपल्या बोलीत कधी म्हटलंस का त्यांना, की करमून नाही राहिलं? म्हटलं असेल तर तसं कळव. मी इथूनच पुढे डोंगरगडच्या गाडीत बसेन, निघून जायला मला कधी कारण लागलं नाही. नसेल म्हटलं, तर तो शब्द त्यांना देऊ नको. मिस त्यांच्याकडेच राहू दे. मंडई जवळ आली आहे. पाळणा मोडून पडला तरी मी तिकडे बघणार नाही, सरळ तुझ्या दारात येऊन उभा राहीन, आणि तुझी आई आतून विचारेल कोण, तर भाऊ नाही म्हणून सांगीन. मले करमून नाही राहिलं, रचना. हे मी आधी म्हटलं, ध्यानात ठेव.

तुझाच (तू खोडलं नाहीस तर),
रत्नपाल