गाडी वर गेली, बाबा खाली राहिले

ती. दाजींना,

नमस्कार घ्यावा. (बोटांचं ग्रीस अजून निघालेलं नाही, तेव्हा वाकलो आहे पण पायांना हात लावलेला नाही, असं समजावं.) तुमचं पोट आता कसं आहे? ताईचा खोकला थांबला का? इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो आहे. आता खरं काय ते सांगतो.

मागच्या खेपेला तुम्ही आला होता, तेव्हा आपण पिकअपमधून रोपवाटिकेवर गेलो होतो. फाटकाच्या अलीकडे वाटेत तो धोंडा आहे, त्याला गाडीचं पोट घासलं आणि तुमचं डोकं टपाला आपटलं. आम्हाला त्या धोंड्याचं काही वाटत नाही. तो जवळ आला की बाबा "आला" म्हणतात, आणि आम्ही सगळे सीटवरून बोटभर वर उठतो, म्हणजे गाडीचं वजन कमी होतं. (होत नाही हे मलाही कळतं. पण पाहुण्यांसमोर पाय पसरून बसत नाहीत, तशातली ही सवय आहे.) तुम्ही मात्र डोकं चोळत म्हणालात, "अहो, गाडीची बॉडी वर उचलून घ्या. मी सामान पाठवतो." मला वाटलं, पाहुणे बोलून जातात. पण तुम्ही शब्दाचे पक्के निघालात. खोका आला.

त्यात काळे कडक गट्टू होते, हातभर लांबीचे बोल्ट होते आणि कशाचे तरी काही तुकडे होते. मी फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात, "काही नाही हो. चार बोल्ट सोडायचे, मध्ये गट्टू सरकवायचे, बोल्ट आवळायचे. चहा गार व्हायच्या आत होतं." दाजी, तो चहा गार झाला, पुन्हा गरम केला, पुन्हा गार झाला, आणि शेवटी हिने तो झाडाला घातला. एक तर बोल्ट चार नव्हतेच. गाडीची बॉडी खालच्या लोखंडी सांगाड्यावर जिथेजिथे टेकते तिथेतिथे एक बोल्ट, आणि प्रत्येकाची गंज खाऊन प्रकृती सुधारलेली. त्यातला एक तर पाना लावला की गोल फिरायचा, फिरतच राहायचा, पण वर यायचं नाव नाही. घोळक्यात काही माणसं अशी असतात, निघतो निघतो म्हणतात आणि निरोप घेत दारातच उभी राहतात, तसा. मी गाडीखाली उताणा, आणि बाबा बॅटरी धरून उभे. बाबांचा उजेड नेमका मी काम करत नसेन तिथे पडायचा. "इकडे," म्हटलं की म्हणायचे, "इकडेही बघायला नको का कुणी?"

बाबांची कामाची एक शिस्त आहे. काढलेली वस्तू इकडेतिकडे टाकायची नाही, जागच्या क्रमाने ठेवायची. म्हणून त्यांनी रोपांचा एक रिकामा ट्रे आणला आणि प्रत्येक खळग्यात एकेक बोल्ट, चकती, नट असं मांडून ठेवलं. दिसायला फार सुरेख दिसत होतं. तेवढ्यात आमचा माळी खताची पोती न्यायला आला. दारात ट्रे दिसला. त्याच्या उभ्या आयुष्यात ट्रे दिसला आणि त्याने माती भरली नाही असं झालेलं नाही. आम्ही हात धुऊन येईपर्यंत त्याने सगळे खळगे भरले, झेंडूचं बी टोचलं, वर पाणी शिंपडलं आणि ट्रे सावलीला ठेवून निघून गेला. स्टिअरिंगच्या दांड्याचा बोल्ट त्यात होता. मी ट्रे उलटा करायला गेलो तर बाबांनी हात धरला. "पेरलेलं उपटू नये." शेवटी मी काडीने एकेक खळगा उकरून तो बोल्ट काढला. बाकीचे अजून मातीत आहेत, रोज पाणी पितात.

मग बॉडी उचलली. जॅकवर फळी, फळीवर गाडीचा काठ, एक बाजू वर, गट्टू आत, मग दुसरी बाजू. गाडी तीन इंच वर गेली, आणि तेव्हा कळलं की बॉडी आणि सांगाडा एवढी वर्षं नुसते एकावर एक बसलेले नव्हते, त्यांचा आत बराच घरोबा होता. घरातला एकच माणूस एकदम वरच्या पायरीवर गेला की बाकीच्यांची कशी ओढाताण होते, तसं झालं. डिझेल भरायची नळी ताणली गेली. गिअरचा दांडा जमिनीत रुतल्यासारखा खाली गेला आणि आता तो मी गुडघ्याखाली चाचपून शोधतो. कुठलीशी वायर तुटली, त्यामुळे इंडिकेटर लावला की वायपर फिरतात. (गॅरेजवाल्याने ती जोडली. आता वायपर फिरत नाहीत, इंडिकेटरही लागत नाही.) बंपर आपल्या जुन्या जागीच राहिला. समोरून गाडी अशी दिसते की एखाद्याने विजार छातीपर्यंत ओढून घेतली आहे आणि पोटऱ्या उघड्या पडल्या आहेत. मधल्या फटीत शेजारची मांजर झोपते. ती आधी शोधावी लागते, मग गाडी सुरू करता येते.

हेही चालवून घेतलं असतं. पण खरी गोष्ट पुढे आहे.

बाबांनी डोळ्यांमुळे वर्षापूर्वी स्टिअरिंग सोडलं हे तुम्हाला माहीत आहे. स्टिअरिंग सोडलं, गाडी चालवणं सोडलेलं नाही. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या शेजारी बसतात आणि तोंडाने गाडी चालवतात. रोपवाटिकेवर खुर्ची टाकून माळ्याला चार गोष्टी सुनावतात आणि दुपारी तृप्त होऊन घरी येतात. दिवसभरात त्यांचं बाहेर पडणं म्हणाल तर एवढंच. तर काम झालं त्या सकाळी ते शर्ट घालून आले, दार उघडलं, पाय उचलला. पाय पोचेना. गुडघा त्याहून वर जात नाही. मी स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं, ते डुगडुगलं. मागून टेकू दिला तर म्हणाले, "मी पोतं आहे का?" मग गाडीचं दार लावलं आणि म्हणाले, "तू जा. मला आज जरा बरं वाटत नाहीये." तेव्हापासून ते रोज हेच सांगतात. शर्टाला इस्त्री मात्र रोज होते. इस्त्री करून, घालून, गाडीकडे तोंड करून ओट्यावर बसतात.

मी एकटाच निघालो. धोंडा आला. "आला" म्हणायला कुणी नव्हतं, तरी सवयीने मी उठलो. आणि दाजी, धोंडा लागला. पूर्वी लागायचा तिथेच, तेवढ्याच जोराने. मी खाली उतरून वाकून पाहिलं. तो घासतो मागच्या दोन चाकांमधल्या लोखंडी गोळ्याला. तो गोळा सांगाड्याकडचा. आपण वर नेली बॉडी. सीट वर गेली, टपही वर गेलं, म्हणजे तुमचं डोकं आणि टप यांच्यात अंतर होतं तेवढंच राहिलं. एवढ्या खटाटोपातून वर न गेलेल्या वस्तू दोनच, तो गोळा आणि बाबा.

आता बाबा दिवसभर घरी असतात. त्यांनी हिचे डबे उंचीप्रमाणे लावले, त्यामुळे मीठ सापडत नाही. भाजी चिरताना सुरी कुठल्या अंगाने धरावी हे ते खुर्चीवरून सांगतात. माळ्याला इतके फोन करतात की त्याचा फोन आता कायम चार्जिंगला असतो. ही काल शांतपणे म्हणाली, "रविवारपर्यंत एक तर गाडी खाली येईल, नाही तर मी माहेरी जाईन." तिचा शांत आवाज तुम्ही ऐकलेला नाही, सुखी आहात. तेव्हा कृपा करून रविवारी पाने घेऊन या आणि आमची गाडी होती तशी करून द्या. ज्याने चढवली त्यानेच उतरवावी.

ताईला नमस्कार.

तुमचा मेहुणा

ता. क. पत्र टेबलावर राहिलं आणि हिने ते वाचलं. विचारते, "तो धोंडाच काढता येत नव्हता का?" मी तिला समजावलं की धोंडा पूर्वीपासूनचा आहे, खाली केवढा गेला असेल कुणास ठाऊक. तिने पहार घेतली, माळ्याला बरोबर घेतलं आणि जेवणाच्या आत धोंडा बाहेर काढला. खाली काही नव्हतंच. पाटासारखा नुसता वरवर टेकलेला होता.

ता. क. दुसरा. काढलेला धोंडा टाकायचा कुठे, म्हणून पिकअपमध्ये घालून घरी आणला आणि दाराशी ठेवला. वरून सपाट आहे. दुसऱ्याच सकाळी बाबा शर्ट घालून आले, धोंड्यावर पाय ठेवला, दुसरा पाय गाडीत टाकला आणि आपल्या जागी बसले. हिने डबे पुन्हा आपल्या पद्धतीने लावायला घेतले. तेव्हा रविवारी येऊ नका. म्हणजे या, पण पाने आणू नका. रोपवाटिकेवर उतरायला दुसरा धोंडा नाही, म्हणून बाबा गाडीतच बसून राहतात. वरून त्यांना कुंपणालगतच्या शेवटच्या वाफ्यापर्यंत दिसतं, जे खुर्चीवरून कधी दिसलं नव्हतं. माळी मोठ्या कुंड्यांच्या मागे पाठ टेकतो हे असं उघडकीला आलं. त्याने तुम्हाला निरोप दिला आहे की पाने जरूर आणावेत. वाटेत धोंड्याची जागा येते तेव्हा बाबा अजूनही "आला" म्हणतात, आणि आम्ही उठतो.

ता. क. तिसरा. चि. जावईबापूंस अनेक आशीर्वाद. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिले आहे म्हणून दोन ओळी लिहितो. कुंपणापलीकडे शेजारच्या रोपवाटिकेत काय लावले आहे ते थोडक्यासाठी दिसत नाही. आणखी दोन इंचांचे गट्टू मिळत असल्यास रविवारी येताना आणावे. बॅटरी मी धरीन. झेंडू उगवला आहे. — बाबा