अहात्यातला बाक

मंगळवार, दिवेलागणीची वेळ

आज आमच्या कॅम्प वनचा अहाता, दारूच्या दुकानामागचा बसून प्यायचा अड्डा, पाडला. रोड रुंद होणार, मागं कॉम्प्लेक्स येणार म्हणे. सकाळी बुलडोझर चालला तेव्हा मी भाजीची पिशवी घेऊन समोरच उभी होती. खुश झाली, खोटं कावून लिहू? इतके वर्षं त्याच टिनाच्या दारात उभी राहून मी यायले, पोरीच्या पापाले, "घरी चला" म्हणत आली. चारचौघांत हे मान खाली घालायचे, शिव्या पुटपुटायचे, पण उठायचे.

फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर हे आले ते अहात्यातला बाक घेऊनच. एका टोकाले हे, दुसऱ्या टोकाले यायचे दोस्त साहूजी. "आता आमी बसू कुठं? इथंच बसू," म्हणे. बाक ठेवला पोरीच्या खिडकीखाली. तिची परीक्षा आहे. आतून ओरडली, "मम्मी, पापा को बोलो ना, बदबू आ रही है." मी खिडकी लावून घेतली. दुसरं काय करणार?

तोच बाक, बसून बसून गुळगुळीत झालेला. मी दारातून पाहून राहिली होती. यायनं दुसरी बाटली उघडली. सवयीनं माझ्या तोंडात आलं, "घरी चला."

आता कुठं चला म्हणू?