माडाला सुतक नसतं

२६ नोव्हेंबर १९३१, गुरुवार

परवा सकाळी माझा सदू गेला.

आजच लिहायला बसलो.  कोणाशी बोलायची सवय नाही, मग इथेच.

मी गणपतीपुळ्याकडच्या माझ्या शाळेत होतो. मुलं पाढे म्हणत होती. थोरल्या बहिणीने, आक्काने धाडलेला माणूस दारात उभा राहिला आणि टोपी काढून नुसता बघत राहिला. त्यावरूनच कळलं. घरी मांडवीला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. सदूला अंगणात ठेवलं होतं. डोक्याला मागून मार. चेहरा साफ. झोपेत असल्यासारखा.

आमच्या आगरातल्या कोपऱ्यातल्या माडाखाली पडलेला सापडला. कोयता शेजारी. पांढरी टोपी उडून लांब कुंपणाशी.

सगळे एकच सांगतात. काँग्रेसचे स्वयंसेवक महिनाभर माडीच्या माडांवर चढून पोयी छाटत फिरताहेत. माडाचा तो कोवळा फुलोरा छाटला की माडी बंद. दारूबंदी म्हणून. सदू त्यांच्यातलाच. माडीच्या दुकानासमोर रोज उभा राहायचा. त्याने म्हणे घरापासून सुरुवात केली — स्वतःच्या आज्याच्या माडापासून!

त्याला चढता येत नव्हतं. माडी काढणाऱ्या भंडाऱ्याचा नातू, पण माडाला कधी पाय लावला नाही. त्याची आई गेली तेव्हा मी माझ्या बाबांकडून शब्द घेतला होता. पोराला माडावर चढवायचं नाही. त्याने शिकायचं. बाबांनी शब्द दिला. पाळलाही.

यंदा मॅट्रिकला बसणार होता.

२७ नोव्हेंबर

आज पहाटे खसखस ऐकू आली म्हणून मागच्या दारी गेलो. बाबा माडावर! सुतकात! घरात दिवा जळतो आहे, आणि हे कमरेला कोयता लावून वर.

खाली उतरेपर्यंत थांबलो. उतरायला फार वेळ लागला. गुडघ्याला फडकं बांधलेलं. निम्म्यावर येऊन खोडाला कवटाळून उभे राहिले. या वयात हट्ट.

म्हटलं, "दहा दिवस तरी थांबायचं होतं."

"माडाला सुतक नसतं," बाबा म्हणाले. "येक दिस पोय कापली नाय तर सुकते. मग सालभर काय खायचा?"

"माझा पगार आहे ना?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि माडीचं मडकं घेऊन निघून गेले.

कोपऱ्यातल्या माडावर मात्र जात नाहीत. बुधवारी एकदा वर जाऊन आले, आक्का म्हणाली.  तेव्हापासून त्या बाजूला फिरकत नाहीत. आक्का आणखी काही सांगणार होती. बाबा पडवीत खाकरले. ती चुलीकडे वळली.

२८ नोव्हेंबर

काही नाही. लोक येतात, बसतात, जातात.

२९ नोव्हेंबर, रविवार

आठल्ये वकील आले होते. इथल्या काँग्रेसचं काम तेच बघतात. वय माझ्यापेक्षा बरंच कमी. गोरे, चष्मा, जाडीभरडी खादी. सरळ ओटीवर येऊन बसले. सुतकाचं घर, त्यात आमचं, आणि ब्राह्मण पाणी मागतो आहे! आक्का तांब्या हातात धरून उभी. द्यावं की नाही? त्यांनीच उठून तांब्या घेतला आणि प्यायले. समोरच्या यमुनाबाई दाराआडून बघत होत्या. आता गावभर होईल.

आठल्यांचे वडील सरकारी वकील. मुलगा कोणाहीबरोबर जेवतो म्हणून घरात त्याचं पान बाहेरच्या खोलीत मांडतात. बापलेक एकमेकांशी बोलत नाहीत. हे त्यांनी हसत सांगितलं. पण हसू नीट जमलं नाही.

म्हणाले, "मास्तर, सदानंद आमचा पहिला हुतात्मा."

सदानंद कोण, मला क्षणभर कळेना. हजेरीपटावरचं नाव. घरी कोणी हाक मारली नाही त्या नावाने.

त्यांचं म्हणणं असं. तेराव्याला आमच्या आगरात सभा. सदूच्या तसबिरीला हार. आणि माडीचे सगळे माड त्या दिवशी तोडायचे — पहिला घाव माझ्या हातचा. "बापाने मुलाचं काम पुरं केलं, असं जिल्हाभर होईल. शंभर भाषणांनी होत नाही ते एका घावाने होईल."

मी म्हटलं, माड माझ्या वडलांचे आहेत.

"म्हणून तर!" आठल्ये म्हणाले.

बाबा आत होते. ऐकत असणार.

३० नोव्हेंबर

आज मी बोललो. आयुष्यात बाबांपुढे आवाज चढवला नव्हता.

ते मागच्या पायरीवर बसून कोयत्याला धार लावत होते. दगडावर तो आवाज. घास. घास. मला सहन होईना.

"तुमच्या माडाने माझा मुलगा खाल्ला," म्हटलं. "हे धंदे कधीच बंद झाले असते तर त्याला चढायची पाळी आली नसती. लोक प्याले, संसार बुडाले, आणि शेवटी आपलाच पोरगा गेला. अजून धार लावता?"

बाबांचा हात थांबला. वर पाहिलं नाही. मग पुन्हा घास, घास.

 शिवी दिली असती तरी चाललं असतं.

१ डिसेंबर

शाळाखात्याकडून तोंडी निरोप. सभेत दिसलात तर नोकरीचं तुमचं तुम्ही बघा.

बघतो.

३ डिसेंबर, गुरुवार

दहावा झाला. समुद्रावर. भटजी म्हणाले, मुलाने बापाचं करायचं ते इथे उलट होतंय, मास्तर, मंत्र मात्र तेच. मी हं म्हटलं. 

बाबा लांब वाळूत बसले होते, पाय सरळ सोडून. होडीवाले येता-जाता त्यांना हात जोडत होते. सगळ्या मांडवीने त्यांच्या हातची माडी प्यालेली. आता तेच लोक सदूचं नाव घेताना डोळे पुसतात. मला हे जुळवता येत नाही.

मी शिकलो तो त्याच मडक्यांवर. हेही जुळत नाही. माझी फी, पाटी, ट्रेनिंग कॉलेजची खानावळ. बाबा पहाटे चढायचे तेव्हा मी आतल्या खोलीत कान झाकून धडे घोकायचो. वासाची लाज वाटायची. वर्गातली मुलं नाकाला बोट लावायची. सदूला कधी लाज वाटली नाही. वासाचीही नाही, आज्याचीही नाही. दुकानासमोर लोकांना हात जोडायचा, माडी पिऊ नका, आणि घरी येऊन आज्याच्या पायाला तेल चोळायचा. दिवाळीच्या सुटीत मी विचारलं, हे दोन्ही कसं रे करतोस? हसला. "बाबा, तुमचं एक असतं. आमचं दोन असतं."

मला तेव्हा राग आला होता.

४ डिसेंबर, शुक्रवार

जातीची बैठक. बाबल्याशेटच्या अंगणात. माडीच्या दुकानाचा मक्ता त्यांचाच, आणि जातीत शब्दही त्यांचाच. बाबा आणि मी, दोघांनाही बोलावणं.

बाबल्याशेट म्हणाले, "गंगाराम, तू मास्तर झालास तो माडीवर झालास. आता माड तोडतोस? त्या आठल्यांच्या आगरात माड कमी हत काय? येकाला तरी कुऱ्हाड लावलीन काय कोणी? त्यांचा देश आनि आमचा पोट!"

म्हातारे माना हलवत होते. खरं सांगायचं तर मलाही ते पटत होतं. आठल्यांना हे विचारायला हवं होतं, आणि मी विचारलं नव्हतं.

मागून सोनू उठला. सदूच्या वर्गातला.

"शेट, सदू मेला तो तुमच्या मडक्यांसाठी नाय मेला."

"बस खाली. मिशी फुटली नाय अजून, आनि चालला बोलायला."

"तुमची फुटून पांढरी झाली. तिचा काय उपयोग केलात?"

पोरं फिदीफिदी हसली. बैठकीत! आमच्या वेळी थोरांसमोर खोकायची चोरी. बाबल्याशेटनी आधारासाठी मागे बघितलं. त्यांचा स्वतःचा मुलगा पोरांच्या घोळक्यात उभा होता. मान खाली, पण उभा तिथेच. शेटचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

मग शेट बाबांकडे वळले. आवाज अगदी खाली. "काशीराम, माड तुजे. तू बोल. तू नको म्हन, मग बघू कोन हात लावतो."



बाबा म्हणाले, "पोर गंगारामाचा गेला. तो सांगेल तसा."

मला वाटलं होतं भांडतील. जिवावर उठतील. आजवर एक झावळी कोणाला फुकट तोडू दिली नाही. मनात आलं, अखेर यांना कळलं. लाज वाटते आहे.

मी हो म्हणालो.

परत येताना बाबा वाटेत दोनदा बसले. मी थांबलो. 

५ डिसेंबर

आक्का आज दिवसभर धुसफुसत. वाढताना भांडं आपटून म्हणाली, "माड तोडायच्या आधी बाबांना येकदा नीट इचार तरी."

"विचारलं सगळ्यांसमोर. मी सांगेन तसं, म्हणाले."

"तसा नव्हं रे—"

"आक्के!" बाबांनी आतून हाक मारली. एवढंच. ती गेली.

६ डिसेंबर, रविवार

झालं.

माणूस मावत नव्हता. खाडीपलीकडच्या भाट्यातून होड्या भरून आले. भंडारी, खारवी, बाजारातले दुकानदार, हायस्कुलातली मुलं, खादीतल्या दोन बाया. फाटकाशी पोलीस. शाळाखात्याचा शिपाईही पाहिला, नावं लिहून घेत होता. मी त्याला नमस्कार केला.

तसबीर शाळेच्या ग्रुपमधून काढून मोठी केलेली. नाकडोळे पुसट. हा कोणाचाही मुलगा असू शकेल. हारांखाली तेवढंही दिसेना.

आठल्ये बोलले. छान बोलले. एका घरात तीन पिढ्या, म्हणाले — एक अंधारात राबली, एक शिकली, एक जागी झाली. टाळ्या. मी त्यातला मधला. शिकलेला.

मग कुऱ्हाड माझ्या हातात दिली. खडू धरणारा हात. पहिला घाव खोडावरून सटकला, कोणीतरी हसलं, कोणीतरी त्याला गप्प केलं. दुसरा बसला. कोपऱ्यातला माड आधी. पुढचं पोरांनी केलं, सोनू सगळ्यांत पुढे. माड कलला तेव्हा जयजयकार झाला आणि पडला तेव्हा एकदम शांत. पायाखालची जमीन हादरली. मग बाकीचे. एकापाठोपाठ. ऊन तिरपं होईपर्यंत एकही उभा राहिला नाही.

बाबा मागच्या पायरीवर होते. आगराकडे पाठ करून. एकेक पडला की मान जरा हलायची.

लोक गेल्यावर आठल्यांनी माझे हात धरले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं नव्हतं.

मी आज पोटभर जेवलो. सदू गेल्यापासून पहिल्यांदा. त्याचं काही तरी केलं असं वाटलं. त्याचं आणि माझं, दोघांचं मिळून.

७ डिसेंबर, सोमवार

सकाळी झावळ्या ओढायला गेलो. कोपऱ्यातल्या माडाचा शेंडा कुंपणावर पडला होता. त्यात पोय होती. छाटलेली नाही. दोरीने नीट आवळून बांधलेली, टोकाला पातळ तिरका काप. माडी काढणारा घालतो तसा. खाली मडक्याचा गळा अजून बांधलेला. मडकं फुटलेलं.

पोय छाटून टाकायला चढलेला माणूस तिला मडकं बांधत नाही. एवढं मलाही कळतं.

बाबा मागे येऊन उभे होते. "त्येच्या हातचा काप हाय," म्हणाले. "पावसात माजा गुडगा गेला. तवापासून सगळे माड तोच करायचा. मीच शिकवला. मग त्याच टोपीत दुकानावर जायचा, पिऊ नका म्हनून सांगायला. त्या दिशी दव फार व्हता. मी म्हटला, ऱ्हाऊ दे आज. तर म्हनाला, आजा, सुकेल रे तुजी पोय."

मी विचारलं, बोललात का नाही?

"तुला शब्द दिलेला," म्हणाले. मग त्या कापावरून बोट फिरवत, "आनि लोक त्याला हार घालीत व्हते."