तुझ्या ग्रुपमधला काळा बोका

सोन्या,

तुमच्या त्या अ‍ॅनिमेच्या, म्हणजे जपानी कार्टूनच्या ऑनलाइन ग्रुपमध्ये 'काळा बोका' नावाने जो तुझ्याशी रोज वाद घालतो ना, ती मी आहे. नोकरीला लांब गेलास आणि माझा फोन उचलेनासा झालास, तेव्हा दुकानात कपड्यांना इस्त्री करता करता मी तुझी ती आवडती मालिका बघायला घेतली आणि खोट्या नावाने तुमच्या ग्रुपमध्ये शिरले. घरी असताना 'हे कसलं कार्टून बघतोस' म्हटलं की तू दार लावून घ्यायचास. बोक्याला मात्र कुणी कुणाला दगा दिला ते न कंटाळता समजावतोस. कधी कधी कळलेलं असतं, तरी मी परत विचारते.

परवा ग्रुपवर सगळे म्हणत होते, मालिकेतल्या त्या दगा देणाऱ्या मित्राचा सूड घेतलाच पाहिजे. मी लिहिलं, 'आधी त्याला जेवायला घाला, तोंड किती उतरलंय बघा.' सगळे हसले. तू लिहिलंस, 'भावा, अगदी माझ्या आईसारखा बोलतोस.'

खरं सांगितलं तर मीच दगाबाज ठरेन आणि बोकाही तुझ्यापासून तुटेल. म्हणून हे पत्र पाठवणार नाही. आत्ता ग्रुपवर एवढंच विचारलंय, 'कशी आहे तुझी आई?'

तू काहीतरी लिहितोयस असं दिसतंय. मी इस्त्री बंद करून बसलेय.

तुझी,
आई