बाटली नंबर चार

३ ऑक्टोबर १९७२, मंगळवार

आजपासून अभ्यास सुरू. खरं तर कालच करणार होतो, पण काल गांधी जयंती. संयम हाही परीक्षकाचा गुण आहे.

स्टेशन रोडच्या लॉजवाल्या श्रीमंतरावांना परमिट रूमचं लायसन्स मिळालं. दसऱ्याला उद्घाटन. भांडवल बेताचं, म्हणून सुरुवातीला एकाच छापाची बीअर ठेवणार. कोणती, ते मी ठरवणार. मीच तसं सुचवलं आणि ते नाही म्हणाले नाहीत. मोबदला नको म्हटलं. फक्त काउंटरवर एक पाटी: ‘निवड – रा. स. झरेकर’. अठरा वर्षं कचेरीत काढली, नाव फक्त हजेरीपटावर. नवे साहेब अजून मला ‘अहो, ते हे’ म्हणून हाक मारतात. एकदा तरी माझं नाव भिंतीवर लागलं पाहिजे, आणि तेही मी जिवंत असताना.

पाटी पेंटरकडे टाकली. उशीर नको.

४ ऑक्टोबर, संध्याकाळी ७

लायब्ररीत एका इंग्रजी मासिकात वाचलं. बीअरचा कडवटपणा हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांमुळे येतो. विलायतेत जाणकार लोक एका घोटात ती फुलं ओळखतात. अख्ख्या नगरात हे कोणाला माहीत नव्हतं. आता मला आहे.

गुणपद्धत ठरवली. मेथीची भाजी ३, कारलं ५, पाडव्याचा कडुलिंब ८. दहा कोणालाच द्यायचे नाहीत.

परमिटवर बाटल्या मोजक्याच मिळतात. गेंडा छाप, किल्ला छाप, चंद्र छाप, प्रत्येकी एक आणली. अर्धी प्यायची, अर्धी बूच मारून तुलनेसाठी ठेवायची. मनात पूर्वग्रह नको म्हणून लेबलं भिजवून काढली आणि तळाला खडूने नंबर घातले. ही पद्धत माझी स्वतःची.

लेबलं भिजवायला अर्धी बादली पाणी गेलं म्हणून सौ. बोलली. टँकर आलाय, दोन घागरी तरी आणा म्हणाली. मी परमिट दाखवलं. आजाराच्या रकान्यात डॉक्टरांनी स्वच्छ अक्षरात ‘अशक्तपणा’ लिहिलंय. सरकारी कागद आहे.

६ ऑक्टोबर

मेहुणे आले, जामखेडहून. गहिनीनाथ, सौ.चे थोरले भाऊ. थंडीताप आहे, इथल्या डॉक्टरला दाखवायचंय. माणूस माळकरी, चहासुद्धा अर्धा कप घेणारा. सौ.ने लगेच काडेचिराईताचा काढा उकळला आणि माझ्या एका जुन्या बाटलीत भरून फडताळात ठेवला. आमच्या घरात रिकामी बाटली रिकामी राहत नाही. रॉकेल, फिनेल, काकवी, काही ना काही भरलेलंच.

मेहुण्यांनी फडताळ बघून विचारलं, दाजी, एवढ्या बाटल्या कशाच्या वं? सौ. पाण्याला गेली होती. मी म्हणालो, सगळ्या काढ्याच्याच. आजारी माणसाला उगीच मनस्ताप कशाला.

८ ऑक्टोबर, रविवार

सौ.ने दसऱ्याच्या साफसफाईत फडताळ पुसलं. बाटल्याही पुसल्या. नंबर गेले. मी रागावलो नाही. वासावरून ओळखून पुन्हा घातले. तीन बाटल्या होत्या, त्या चार निघाल्या. आधी मोजण्यात चूक झाली असणार.

मेहुण्यांचा ताप उतरला. आता काढा स्वतःच ओतून घेतात. म्हणाले, शुक्रवारचा जरा उग्र हुता, कालचा हलका, आजचा लई ब्येस हाय, पोटात गार वाटतं. मग ओसरीवर बसून एकामागून एक सहा अभंग म्हटले. सौ. म्हणाली, दादा इतका मोकळा कधी गायला नव्हता. काढ्यात कसली आलीय चव? पण खेड्यातल्या माणसाला कोण सांगणार.

१० ऑक्टोबर, संध्याकाळी ६.३०

शोध लागला.

नंबर चार. फेस अजिबात नाही, म्हणजे हवा घालून फुगवलेला माल नाही. पहिल्याच घोटाला डोळ्यांत पाणी. कान गरम. जीभ टाळूला चिकटून बसली आणि पाच मिनिटं मला बोलता आलं नाही. याला म्हणतात हॉप्स. दहापैकी साडेनऊ. कडुलिंब मागे पडला.

बाकीच्या तिन्ही मिळमिळीत. त्यांतल्या दोन मी गेंडा आणि किल्ला म्हणून ओळखल्या. म्हणून नंबर चार म्हणजे चंद्र छाप. तिसरीचं काय ते नंतर बघू.

११ ऑक्टोबर

शेजारच्या गिदोन भिंगारदिवेंना सांगितलं. भिंगारच्या लष्करी कॅम्पात वीस वर्षं मेसच्या स्टोअरला होते. हजारो बाटल्या उघडल्या, पण स्वतः थेंब घेतला नाही, चर्चमध्ये तशी शपथ घेतलेली. म्हणाले, फेस नाही ती बीअर कसली, साहेब? मी म्हणालो, न पिणाऱ्याने बोलू नये. ते म्हणाले, मग रविवारी श्रीमंतरावांसमोर डोळे बांधून ओळखून दाखवा. जमलं तर तुमची पाटी मी स्वतः शिडीवर चढून लावतो. नाही जमलं तर पाटी घरी न्यायची.

मी लगेच हो म्हणालो. भितो की काय?

१३ ऑक्टोबर

तिन्ही मिळमिळीत बाटल्या जवळजवळ रिकाम्या. मी तर शिवलोही नाही. दुष्काळी हवेत बीअर उडून जाते, हे मासिकात नव्हतं. त्यांना कळवलं पाहिजे. नंबर चार मात्र आहे तेवढीच. अस्सल माल उडत नाही.

मेहुणे काढा संपत आला म्हणून हळहळले. तब्येत चांगलीच सुधारली आहे.

१५ ऑक्टोबर, रविवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. मला लपवण्याचं कारण नाही.

श्रीमंतरावांच्या लॉजवर गेलो. मेहुण्यांना पाय मोकळे करायचे होते, म्हणून तेही आले. त्यांना म्हटलं, दुकानदार काढ्याचे नमुने बघतोय. गिदोननी माझे डोळे बांधले. तीन ताज्या बाटल्या फोडून ग्लास भरले. मी पहिला चंद्र सांगितला, दुसरा किल्ला, तिसरा गेंडा. एकही बरोबर आला नाही. पट्टी नाकावर घट्ट बांधली होती. नाकाशिवाय परीक्षा अशास्त्रीय आहे, हे मी तिथल्या तिथे सांगितलं.

मग मी घरून आणलेली नंबर चार काढली. श्रीमंतरावांनी मोठा घोट घेतला आणि घाईघाईने मोरीकडे गेले. गिदोननी नुसता वास घेतला. म्हणाले, साहेब, हा तर काडेचिराईत. हिवताप आला की आमची आई हाच पाजायची.

तोवर मेहुण्यांनी माझे उरलेले तिन्ही ग्लास चाखले होते. आज फेसाळलाय, पन चव तीच, म्हणाले. ह्यो शुक्रवारचा. ह्यो शनिवारचा. आन ह्यो ताप उतरला त्या दिवशीचा, ठिवायचा आसंल तर ह्योच ठिवा. गिदोननी बाटल्या पडताळल्या. शुक्रवारचा गेंडा, शनिवारचा चंद्र, ताप उतरल्याचा किल्ला. माझ्या फडताळातल्या तिन्ही बाटल्यांची चव त्यांच्या जिभेवर जशीच्या तशी राहिली होती. श्रीमंतराव म्हणाले, अहो, बीअरची एवढी पारख कुठे शिकलात?

मेहुण्यांनी ग्लास खाली ठेवला. गळ्यातल्या माळेला हात लावला. मग माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, दाजी, तुमी काढा म्हनला हुता.

वाईट वाटलं, हे इथे लिहून ठेवतो.

१६ ऑक्टोबर

मेहुणे सकाळच्या एस.टी.ने गेले. गावी जाऊन बुवांकडून माळ पुन्हा घालून घेणार. तोवर पाण्यावर राहणार म्हणाले. स्टँडवर मी त्यांची पिशवी उचलायला गेलो, तर त्यांनी ती दुसऱ्या हातात घेतली.

सौ. माझ्याशी बोलत नाही. माझं म्हणणं एकच: बाटलीवर चिठ्ठी लावली असती तर हा प्रकार झाला नसता. पण चिठ्ठी लावायची कोणी, हे बोलायला समोर कोणी थांबत नाही.

१७ ऑक्टोबर, दसरा

उद्घाटन झालं. मी गेलो नाही, रस्त्यापलीकडून पाहिलं. किल्ला छाप ठेवली आहे. काउंटरवर पाटी: ‘थंड बीअर मिळेल’. निवड कोणाची ते लिहिलेलं नाही. मेहुण्यांचं नाव घालता येत नाही आणि माझं घालत नाहीत. लोक काय, पिणार आणि जाणार.

माझा निकाल मी बदललेला नाही. स्पर्धेत जे उतरलं होतं त्यात सर्वांत कडवट तेच होतं. साडेनऊ कायम.

१९ ऑक्टोबर

पेंटरने पाटी आणून दिली. अक्षरं सुंदर आली आहेत, पिवळ्यावर काळी.

सौ. आज बोलली. साडेनऊ गुणांचा काढा पोटात गेलाय, म्हणाली, आता अशक्तपणा राहिला नसेल. मी टँकरच्या सहा घागरी आणल्या. पाणी पिंपात ओतलं. पिंपाला झाकण नव्हतं, ती पाटी बरोबर बसली.

नावाची बाजू वर ठेव, हे मी ठामपणे सांगितलं आणि तिने ऐकलं. धुण्याभांड्याला येणाऱ्या रंगुबाईने लगेच पाटीवर फडकं फिरवलं. म्हणाली, नक्षी छान काढलीय. तिला वाचता येत नाही.