तुझ्याच बोटांनी वाच

प्रिय हट्टी माणसा,

हा कागद कुणाच्या हाती देऊ नकोस. यावर शाई नाही, टिंबं आहेत, आणि ती मी टोचली आहेत. आजवर माझं प्रत्येक पत्र तुझ्या प्रशिक्षण केंद्रातल्या शिपायानं घसा खाकरून तुला वाचून दाखवलं, म्हणून मी हवापाण्यापलीकडे कधी गेले नाही. आता एक गोष्ट सांगायची आहे. ती परक्याच्या तोंडून तुझ्या कानावर पडू नये, यासाठी हा सगळा उद्योग.

ही ब्रेल लिपी शिकवली खालच्या मजल्यावरच्या टेलिफोन ऑपरेटर बाईंनी. त्या जन्मांध, तरी माझी चोरी पहिल्याच दिवशी पकडली. मी बोटांनी नाही, डोळ्यांनी वाचत होते. त्यांनी कागदावर टॉवेल टाकला. दुकानात इस्त्री करून करून माझी बोटं निबर झालेली, त्यांना ढिम्म कळेना. आपलीच भाषा, आणि ‘आई’ एवढा शब्द लागेना. लिहायचं तर कागदाच्या पाठीमागून, उजवीकडून डावीकडे. पहिलं पानभर मी उलटंच टोचलं. बाई पोट धरून हसल्या. मीही हसले, बऱ्याच दिवसांनी.

कारखान्यात लेथ मशीनवर तुझे डोळे गेले तेव्हापासून तुला काय झेपेल हे बाकीचेच ठरवतात. फोनवर बोलताना सासूबाई माझ्या शेजारी बसलेल्या असतात. बाळ लाथा मारतं का, असं तू विचारतोस आणि मी हो म्हणते. त्यांचं मन वाईट नाही. तुझी परीक्षा होऊ दे, मग सांगू, एवढंच त्यांचं म्हणणं. पण जाण्याआधी तू चाचपडत पाळण्याचे खिळे ठोकलेस, आणि तो पाळणा त्यांनी आता माळ्यावर टाकलाय. घरी आल्यावर आधी त्याच कोपऱ्यात जाशील, हात पुढे करशील आणि हाताला नुसती भिंत लागेल. ते मला बघवणार नाही.

आपली मुलगी गेली रे. सहावा महिना संपता संपताच झाली, श्वास नव्हताच. मी तिला मांडीवर घेतलं आणि तुला सांगता यावं म्हणून डोळे मिटून तिच्यावरून हात फिरवला. केस ओले, मऊ. कानाची पाळी तुझ्यासारखी, गालाला चिकटलेली. मूठ मिटलेली होती, ती मी उघडली नाही. परीक्षा द्यायची की निघून यायचं, ते तू ठरव. फक्त रडशील तेव्हा हे पान बाजूला ठेव. ओल्या कागदावरची टिंबं दबून सपाट होतात, आणि हे मला पुन्हा टोचता येणार नाही.

तुझीच,
वाट बघणारी