कुरूप आणि माझा शांत स्वभाव

४ जानेवारी
उजव्या तळपायाला कुरूप. बूट घातला की खिळा टोचतोय असं वाटतं. पंचवीसला भुकूमच्या टेकडीवर सोसायटीचा ट्रेक, लीडर मी. मी नसलो तर बी-विंगचा मनीष पुढे चालणार. ते होणे नाही! बायको म्हणते, बूट घट्ट आहेत. रजनीला काहीही वाटतं. चांगले सेलमधले आहेत.

६ जानेवारी
बावधनला होमिओपॅथीच्या डॉ. मेधांकडे. पाय जेमतेम पाहिला, स्वभावच विचारत बसल्या. औषध म्हणे स्वभावावरून ठरतं. प्रामाणिकपणे सांगितलं: शांत, मनमिळाऊ, चूक लगेच कबूल करणारा. रजनीला नेमका तेव्हाच ठसका लागला.

७ जानेवारी
गोळ्या सुरू. कॉफी आणि कच्चा कांदा बंद. पथ्य म्हणजे पथ्य.
संध्याकाळी मिसळ. कांदा हॉटेलवाल्यानेच घातला. (दुसऱ्यांदा मी मागितला.)

१३ जानेवारी
जास्त दुखतंय. बरं होण्याआधी वाढतंच. उत्तम लक्षण.

१५ जानेवारी
गेटवरच्या गोरखला सहज विचारलं, मी कसा माणूस आहे? म्हणाला, लई शांत हाय तुमी, पार्किंगवरनं वरडता तेवढं सोडलं तर.

१७ जानेवारी
विश्वासघात. रजनीने परस्पर डॉक्टरांना फोन केला. सांगितलं काय, तर हट्टी, चिडका, आपलंच खरं करणारा! मी वाद घालत नाही, यावर जेवण होईपर्यंत तिच्याशी वाद घातला. नव्या गोळ्या आल्या. बूटही तिने माळी कोंडिबाला देऊन टाकले. मला ढगळ सँडल.

२३ जानेवारी
दुखत नाही. दाबून पाहिलं, उड्या मारून पाहिल्या. छे.

२४ जानेवारी
गोळ्यांनी गुण आला म्हणावं, तर मी हट्टी आणि चिडका ठरतो. सँडलमुळे म्हणावं, तर बूट घट्ट होते. दोन्हीकडून रजनीच खरी. तिसरं कारण दिवसभर शोधलं. मिळालं नाही.
एकच मार्ग. पाय दुखतोय.

२५ जानेवारी, सकाळ
मनीषला कळवलं, ठणका असह्य आहे, तू हो पुढे. बाल्कनीतून सगळे टेकडी चढताना दिसले. सर्वात पुढे मनीष नव्हता. रजनी होती. फार वाईट वाटलं.
दूध आणायला गेटपर्यंत लंगडत गेलो. गोरख म्हणाला, साहेब, कुरूप उजव्या पायाला हाय न्हवं? मग डाव्यानं का लंगडताय?
त्याला शांतपणे समजावलं. टेकडीवर ऐकू गेलं म्हणतात.